साध्या पाण्याची वाटी

गायकवाड मॅडमच्या घरी चहा उरवण्याची सोय नव्हती. उरवला तर त्या तोंडाने काही म्हणत नसत. कप उचलून बाल्कनीत नेत आणि तिथे काचेच्या बशीत ओल्या कागदावर मांडलेल्या मुगांना त्यातले चार थेंब पाजत. मग काही दिवसांनी लिफ्टमध्ये गाठ पडली की सगळ्यांदेखत सांगत, "परब, तुमच्या चहाने मुगाचं मूळ खुंटलं. साखर जरा कमी घ्या." पाहुण्याने आणलेलं सरबत, मेडिकलमधलं खोकल्याचं औषध, माझ्या बायकोने हौसेने दिलेलं गुलाबपाणी, या सगळ्याची पहिली चव मुगाची. मॅडम स्वतः मागाहून घेत, तेही मूग जगला तर.

त्यांची आयुष्यभराची नोकरीच ही होती. नवी मुंबईत पावण्याच्या एमआयडीसीत शेतीऔषधं बनवणारी एक कंपनी होती. ती जे काही बनवेल ते बियांना पाजायचं आणि बी उगवतं का, रोप सरळ वाढतं की मान टाकतं, हे बघत बसायचं. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून वनस्पतिशास्त्र शिकून त्या इथे आल्या आणि पावण्याच्या त्या सुप्रसिद्ध वासात त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त होताना कंपनी भिंतीवरचं घड्याळ देणार होती. यांनी त्याऐवजी जुन्या काचेच्या बशा मागून घेतल्या. पती वारलेले, मुलगी बंगळूरला, हॉलमध्ये एक शांत बुद्धमूर्ती आणि बाल्कनीत हे बशांचं वसतिगृह. मी न्हावा शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतो. कागदावर खेळणी आणि पेटीत भलतंच काही, हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. त्यामुळे जिचा कुठल्याच लेबलवर विश्वास नाही अशा बाईशी माझं जमणं साहजिक होतं.

त्या बशांमध्ये एक बशी नेहमी वेगळी असे. तिला फक्त साधं पाणी, आणि मॅडम तिला वाटी म्हणत. बाकीच्यांचं बरंवाईट जे काही झालं ते हिच्याशी ताडून बघायचं. ही पद्धत त्यांनी प्रयोगशाळेतून घरी आणली, आणि दुर्दैवाने तिथेच न थांबता ती सोसायटीतही आणली. कोणी काहीही सांगायला लागलं की यांचा एकच प्रश्न ठरलेला: "साध्या पाण्याची वाटी ठेवली होती का?" माझी बायको एकदा म्हणाली की ब्राह्मीच्या सिरपने आमच्या मुलाला बारावीला बरे गुण पडले. मॅडम म्हणाल्या, "छान झालं. आणि सिरप न पिणारा तुमचा दुसरा मुलगा किती गुणांवर आहे?" आम्हाला दुसरा मुलगा नाही. बायकोने त्यांच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं, ते मॅडमच्या लक्षात आलं नाही.

सोसायटीच्या गच्चीवर आम्ही एक बाग केली होती. तिच्यात भाजी कमी आणि पक्ष जास्त उगवत. एक पक्ष सेक्रेटरी दातारांचा. त्यांना सगळं नैसर्गिक लागे. कडुनिंबाचा अर्क, गोमूत्र, कांद्याच्या सालीचं पाणी, दालचिनी, ताक. जे जे माणसाने नाक मुरडून बाजूला ठेवलं ते ते झाडाला अमृत, असा त्यांचा सिद्धांत. दुसरा पक्ष खजिनदार चौगुल्यांचा. त्यांच्या मेव्हण्याचं पनवेलला खतांचं दुकान, त्यामुळे त्यांचा विज्ञानावर गाढ विश्वास. संजीवक, हार्मोन, टॉनिक अशा रंगीत बाटल्या ते पिशवीतून आणत आणि मापाचं झाकण हरवलेलं असल्यामुळे अंदाजाने ओतत. दोन्ही पक्ष व्हॉट्सॲपवर एकमेकांना विषारी ठरवत. भेंडीला मात्र दोघांचंही मिळे, आणि ती बिचारी जन्मल्यासारखी दिसून निघून जाई.

मॅडमला दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने ओढून पाहिलं. त्या दोघांच्याही हाती लागल्या नाहीत. दातारांना त्या म्हणाल्या, "नैसर्गिक म्हणजे सात्त्विक असं तुम्हाला कोणी सांगितलं? निलगिरीखाली गवत का येत नाही? तिची पानं कुजून त्यातलं औषध मातीत उतरतं. झाडंसुद्धा शेजाऱ्याला मारायला रसायनच वापरतात, दातार. त्यांना फक्त लायसन लागत नाही." चौगुले हे ऐकून खूश झाले. मग त्यांचा नंबर लागला. "आणि तुमचं ते वाढीचं औषध आहे ना, तसलंच एक आम्ही कंपनीत बनवायचो. कणभर दिलं तर मुळं फुटायची. तेच जास्त दिलं की तणनाशक म्हणून विकायचो. बाटली वेगळी, किंमत वेगळी, आतला माल भाऊबंद. तुम्ही झाकणाशिवाय ओतता म्हणजे तुम्ही काय करायलात हे तुम्हालाच माहीत नाही." त्यानंतर सोसायटीच्या इतिहासात प्रथमच दातार आणि चौगुले यांचं एका मुद्द्यावर एकमत झालं. मुद्दा गायकवाड मॅडम हा होता.

आता म्हात्र्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या घरावरून घडलं. म्हात्रे आमचे चेअरमन. आमचं पार्किंग आहे तिथे एके काळी त्यांच्या घरचा भात उगवायचा. जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर आमची बिल्डिंग उभी राहिली आणि वरचे दोन मजले त्यांच्याकडे राहिले. म्हणून नवरात्रात क्लबहाऊसमध्ये सोसायटीचा घट बसतो तो म्हात्र्यांच्या हातचा. माती त्यांच्या उरलेल्या शेतातून येते, गहू त्या मातीत पेरले जातात, मध्ये कलश, आणि रोजचं पाणी म्हात्र्यांच्या घरातल्या एकाच बाईच्या हातचं. घट जितका दाट आणि उंच येईल तितकं बिल्डिंगचं वर्ष चांगलं, अशी सर्वांची श्रद्धा. मागल्या वर्षी घट बेताचाच आला होता आणि त्यानंतर लिफ्ट वर्षभर अधूनमधून बंद पडत राहिली. लिफ्टच्या देखभालीचा करार कोणी संपू दिला यावर मात्र कोणाचीच श्रद्धा नव्हती.

मी सांगतोय त्या वर्षी म्हात्रेकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पाण्याचा मान सुनेकडे आला. सून म्हणजे सायली. नगरकडची, चेअरमनच्या मुलाबरोबर एका कॉलेजात शिकलेली, स्वतःच्या पसंतीने लग्न करून आलेली. थोडक्यात, गुन्हा अजून ठरायचा होता पण आरोपी ठरलेली होती. तिच्या पोह्यांत शेंगदाणे जास्त पडतात इथपासून ती सासऱ्यांना 'पप्पा' म्हणते इथपर्यंत सर्व पुरावे काकूंकडे जमा होते. ती पोरगी मात्र हसतमुख. रोज सकाळी आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन, तांब्यातून चार पळ्या पाणी घटाला घाली आणि कोणी बघत नाही असं वाटलं की मातीवर वाकून हळूच डोकावून पाही.

घट उगवला नाही. गव्हाला खरं तर फार विचार करायची सवय नसते, दोनतीन दिवसांत तो डोकं वर काढतो. चौथी माळ झाली, पाचवी झाली, परडीतली माती काळीच. वर पांढरी बुरशी आली आणि एक आंबूस वास येऊ लागला. तो उदबत्तीने झाकायचा सर्वांनी मनापासून प्रयत्न केला. मग कुजबुज सुरू झाली. माती तीच, गहू तेच, देवी तीच. बदलला होता तो फक्त हात. कोणी म्हणालं, मुलीने शिवाशिव पाळली नसेल. कोणी म्हणालं, लग्नच घाईत झालं. ज्या बायका लिफ्टमध्ये सायलीला बांगड्या कुठून घेतल्या म्हणून विचारत, त्या आता जिन्याने जाऊ लागल्या. गुडघेदुखीवाल्यासुद्धा.

काकूंनी निर्णय जाहीर केला तो आमच्या दारात, माझ्या बायकोसमोर. "आमच्या घरान कदी असा झाला नाय. पोरीचा हात बरा नाय, काय करतस? दसऱ्याला घट हलला का गारी बोलावतो आनि धारतो तिला माहेराला. ऱ्हऊ दे थोरे दिवस." थोडे दिवस म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही. दिवाळी, नणंदेचं डोहाळजेवण, सगळं त्या थोड्या दिवसांत बसत होतं. सायली तेव्हा पायरीवरच उभी होती. ऐकून ती तांब्या घेऊन वर गेली. तिच्या नवऱ्याने या प्रसंगी मोठ्या धैर्याने ऑफिसची टूर काढली.

मी हे मॅडमना सांगितलं ते मुद्दाम नव्हे, चहा पिता पिता सांगितलं. त्यांनी आधी माझा कप रिकामा आहे का ते पाहिलं. मग खाली जाऊन घटाजवळ उभ्या राहिल्या, वास घेतला, एक काडी मातीत खुपसून नाकाशी धरली आणि परत आल्या. "परब, त्या मातीत काय काय आहे हे मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यात पाणी सगळ्यात कमी आहे." मी म्हटलं, मग जाऊन सांगू या. त्या हसल्या. "कोणाला? ज्यांनी घातलं त्यांना? कबूल कोण करेल? हे लोक पार्किंगमधल्या ओरखड्याचं कबूल करत नाहीत."

त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा संदेश आला. इतका गोड की मला संशयच आला. पुढच्या वर्षी घट जोमाने यावा म्हणून कुठलं द्रव्य उत्तम ते आत्ताच ठरवू या, ज्याच्याकडे जे असेल ते आणावं, ज्याची वाटी सर्वांत छान येईल त्याला दसऱ्याला सोनं वाटण्याचा पहिला मान. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या सफाईला कोणी येत नाही. पण या स्पर्धेला दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबहाऊसमध्ये रांग लागली. दातार तीन बाटल्या घेऊन आले, चौगुले पिशवी घेऊन आले. कोणी ॲपलचं व्हिनेगर आणलं, कोणी हळदीचा काढा. माझ्या पत्नीने कांद्याच्या सालीचं पाणी आणलं. तिचं नाव मी इथे घेत नाही, कारण मला अजून त्याच घरात जेवायचं आहे.

मॅडमनी घटाच्याच पोत्यातली उरलेली माती आणि उरलेले गहू मागून घेतले. खिडकीशी टेबलावर कागदी वाट्या मांडल्या, प्रत्येकीवर नाव, प्रत्येकीत सारखे दाणे. ज्याने त्याने आपलं द्रव्य आपल्या हाताने, घरी घालतो तसंच घालायचं. सगळे घालून झाल्यावर शेवटची वाटी उरली. मॅडम म्हणाल्या, ही साध्या पाण्याची, आणि हिला पाणी फक्त सायली घालेल.

काकू खुर्चीवर बसल्या होत्या त्या सावरून बसल्या. "तिच्या हातान? आनि ती का उगवनार हाय?"

"नसेल उगवत तर बरंच," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही म्हणता हात खराब आहे. मग ही वाटी मरायला पाहिजे. एवढं मोठं तणनाशक घरात असताना तपासायचं नाही का?"

सायली पुढे आली. ती मॅडमच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. नंतर मला कळलं, ती म्हणाली होती, नको, खरंच नाही उगवलं तर? मॅडमनी तिच्या हातात तांब्या दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "नाही उगवलं तर माझी सगळी नोकरी फुकट. तुझं काय जातंय, घाल." सायलीने पाणी घातलं. अर्धं टेबलावर सांडलं.

त्यानंतर नवमीपर्यंत मॅडम त्या टेबलाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. सकाळी थर्मास घेऊन येत, दुपारचा डबा तिथेच, दिवे लागल्यावर क्लबहाऊसला स्वतः कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकत. मी विचारलं, एवढा पहारा कशाला? "बियांवर माझा भरवसा आहे, बियाणं लबाडी करत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या लोकांवर नाही. कोणाला तरी त्या पोरीची दया येईल आणि तो तिच्या वाटीत चमचाभर टॉनिक टाकील." मला हे तेव्हा चेष्टेचं वाटलं. त्यांना अधूनमधून खोकला येई आणि त्या तोंडाला रुमाल लावून पाठ फिरवत. त्याच आठवड्यात वाशीच्या हॉस्पिटलात त्यांची तपासणी ठरलेली होती आणि ती त्यांनी दसऱ्यानंतर ढकलली होती, हे मला पुढे त्यांच्या मुलीकडून कळलं. चार दिवसांनी काही बिघडलं नाही असं डॉक्टर म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

नवमीला सगळे टेबलाभोवती जमले. दातारांच्या अर्काच्या वाटीत दाणे काळे पडून मऊ झाले होते, निसर्गाने त्यांना आपल्यात परत घेतलं होतं. व्हिनेगरच्या वाटीत सामसूम. चौगुल्यांच्या टॉनिकचे दाणे फुगले होते खरे, पण मुळं आखूड, जाड आणि कोंब पीळ पडलेले, एक रोप धड उभं नाही. कांद्याच्या पाण्यात दोन कोंब आले होते आणि तेही अंग चोरून. सायलीच्या वाटीत मात्र पिवळसर हिरवे कोंब दाटून आले होते, इतके की खालची माती दिसत नव्हती. मॅडमनी ती वाटी उचलली नाही, त्यावर भाषणही केलं नाही. फक्त बाकीच्या वाट्या थोड्या मागे सरकवल्या.

दातारांना ते सोसलं नाही. ते घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, प्रयोग वगैरे ठीक आहे. पण घट ही श्रद्धेची गोष्ट आहे. तुमच्यात घट बसत नाही, त्यामुळे तुम्हाला यातलं…" पुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणे हवेत सोडलं.

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "आमच्यात घट बसत नाही. म्हणून तर या अख्ख्या बिल्डिंगमध्ये घटात काहीही न ओतलेली बाई मी एकटी आहे."

दातारांनी चौगुल्यांकडे पाहिलं, चौगुल्यांनी पंख्याकडे पाहिलं, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लगेच खिडकीबाहेरची टेकडी बघायला लागलो. मागल्या वर्षीची लिफ्ट सर्वांच्या मनात होती. दुपारी क्लबहाऊस रिकामं असे. प्रत्येकाने एकेकट्याने, बिल्डिंगच्या भल्यासाठी, देवीला मदत केली होती.

पहिले बोलले ते चेअरमन. एवढा धिप्पाड माणूस, आवाज मात्र शाळेतल्या पोरासारखा. "मी जरासा युरिया टाकलेला," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी, मूठभर. सूनबाईचा पयलाच घट हाय ना. म्हटलं, जोरात येऊ दे, कोनी नाव ठेवायला नको." सायलीने तोंडावर हात ठेवला. मूठभर युरियाने काय होतं हे त्यांच्यासारख्या जन्माने शेतकरी असलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शेतातल्या गव्हाला इतक्या प्रेमाने कोणी खत घालत नसावं. मग एकेक जण बोलू लागला. दातारांचा अर्क, चौगुल्यांची बाटली, कोणाचं गंगाजल, कोणाचं अत्तर. आमच्या घरचं नाव मीच सांगून टाकलं, त्याची शिक्षा मी नंतर भोगली.

शेवटी काकू उरल्या. मॅडम त्यांना काहीच विचारत नव्हत्या, थर्मासचं झाकण घट्ट करत होत्या. मग काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मी रोज वाटीभर दूध घालाची. देवीला. माझा गुडघा बरा होऊ दे बोलून." आणि थोडं थांबून, "पोरगी पानी घालून गेली का मंग मी घालाची."

मॅडम म्हणाल्या, "दुधानं बुरशी येते, काकू. गुडघ्याचं मला माहीत नाही." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या टोमणा न मारता बोलल्या असा मी पाहिलेला तो एकमेव प्रसंग.

क्षमा मागण्याची आमच्या बिल्डिंगमध्ये पद्धत नाही. आम्ही त्याऐवजी जेवायला वाढतो. दसऱ्याला काकूंनी त्या कागदी वाटीतली रोपं उपटली, एक जुडी देवीपुढे ठेवली, एक स्वतःच्या हाताने सायलीच्या वेणीत खोवली आणि तिच्या ताटात चार पुऱ्या जास्तीच्या टाकल्या. गाडी आली नाही. सोनं वाटण्याचा पहिला मान सायलीचाच होता. तिने पहिलं पान मॅडमना दिलं. मॅडमनी ते घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "आपट्याचं नाही हे, दुसरंच काहीतरी आहे. दुकानदाराने फसवलंय. पण राहू दे."

तपासणीत जे निघालं ते चांगलं नव्हतं. फुप्फुसात होतं आणि बरंच पसरलेलं होतं. पावण्याच्या हवेचा त्यात किती हात असेल असं मी एकदा रागाने म्हणालो, तेव्हा त्यांनी मलाही सोडलं नाही. "तुम्ही दुसरी गायकवाड ठेवली होती का, पावण्याला न गेलेली?" आजारी बाईशी वाद कसा घालणार? सोसायटी मात्र जागी झाली. दातारांनी गव्हांकुराचा रस आणला. चौगुल्यांनी परदेशी पावडरचा डबा आणला. कोणी कुठल्या डोंगरावरची मुळी आणली. सगळ्यांना मॅडम नीट थँक्यू म्हणत आणि ते गेले की सायलीला म्हणत, "बाल्कनीत ने." सायली तेव्हा रोज त्यांच्याकडे जात असे. सासूच डबा भरून पाठवी. बशा, कागद, दाणे, सगळं तिने हातात घेतलं होतं. डॉक्टरांचं औषध तेवढं मॅडम मुगाला न विचारता घेत. "त्यांनी त्यांच्या वाट्या आधीच ठेवलेल्या असतात," म्हणत.

मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांना बोलायला त्रास होत होता. मी सवयीप्रमाणे विचारलं, काही हवंय का, चहा सांगू? त्यांनी मान हलवली. "साधं पाणी," म्हणाल्या. मी भांडं ओठांना लावलं. दोन घोट घेऊन त्यांनी ते बाजूला केलं आणि भांड्यात उरलेल्या पाण्याकडे बघून हसल्या. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. ज्याच्या त्याच्या लेबलवर विश्वास ठेवायला लागावं इतका मी एकटा पडलो.

पुढल्या नवरात्रात सायलीने घट बसवला आणि शेजारी एक वाटी ठेवली, नुसते गहू आणि साधं पाणी. कशासाठी ते तिने सर्वांना नीट समजावून सांगितलं. सर्वांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी वाटीला हळदकुंकू लागलेलं होतं. तिसऱ्या दिवशी फुलं आली, समोर खडीसाखर आली, आणि कोणीतरी छोटी पाटी करून लावली: गायकवाड मॅडमची वाटी. बायका घटाला नमस्कार करून वाटीलाही करू लागल्या. परीक्षेला जाणाऱ्या मुलांना तिथे आणलं जाऊ लागलं. ज्या बाईने जन्मभर कुठल्या गोष्टीला पुराव्याशिवाय हात जोडले नाहीत, तिची आम्ही वर्षाच्या आत देवी करून टाकली. मी हे बघत होतो आणि मॅडम काय म्हणाल्या असत्या ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

घट छान आला. पाचव्या माळेला वाटी मात्र कुजली.

दातार चिंताक्रांत चेहऱ्याने म्हणाले, हे काही चांगलं लक्षण नाही. चौगुले म्हणाले, मॅडम नाराज असतील. कोणीतरी हळूच विचारलं, वाटीला पाणी कोण घालत होतं? आणि सगळ्यांच्या नजरा जुन्या सवयीने वळल्या, काकूंची सोडून. काकू सुनेच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मला वाटलं, आता पोरगी रडणार. सायलीने वाटी उचलली. काडीने माती उकरली आणि नाकाशी धरली, अगदी तशीच. मग तिने सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"पाणी मीच घालत होते," ती म्हणाली. "माझ्या हाताचं मागच्या वर्षी तपासून झालंय. आता तुम्ही सांगा. मध कोणी घातला?"

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीने हळूच हात वर केला.